विकिपीडियावरचा विल्सन आजाराचा लेख कसा सुधारावा

मिरजेत मी एका बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये काम करते. विल्सन आजाराचा (शरीरात तांबं साठत जाणाऱ्या अनुवांशिक आजाराचा) संशय असलेले पेशंट आमच्याकडे रक्तातलं सेरुलोप्लास्मिन, म्हणजे तांबं वाहून नेणारं प्रथिन, आणि चोवीस तासांच्या लघवीतलं तांबं तपासायला येतात. रिपोर्ट हातात पडला की नातेवाईक तिथेच बाकावर बसून मोबाईलवर आजाराचं नाव शोधतात, आणि समोर येणाऱ्या पहिल्या काही पानांत विकिपीडिया असतोच. त्यांना आपल्या भाषेत नीट, खरं आणि कामाचं वाचायला मिळावं म्हणून मी मराठी विकिपीडियावर लिहिते. तुम्हीही लिहावं, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी डॉक्टर असायची गरज नाही, पण शिस्त लागते. ती शिस्त विल्सनच्या उदाहरणावरून सांगते. गौचर असो, एसएमए असो, अशा दुसऱ्या कुठल्याही दुर्मिळ अनुवांशिक आजाराच्या लेखासाठी रीत तीच.

सुरुवात वाचणाऱ्यापासून करा. या लेखावर येणारा माणूस घाबरलेला असतो. त्याला तीन गोष्टी लगेच हव्या असतात: हे काय आहे, याला औषध आहे का, आणि घरातल्या बाकीच्या मुलांचं काय. पहिल्या परिच्छेदात ही तिन्ही उत्तरं आली नाहीत तर खालची सगळी माहिती वाया जाते, कारण तिथवर कुणी पोचत नाही. तुमच्यासमोरचा लेख चार ओळींचा असेल आणि त्यातली पहिली ओळ अशी असेल: ‘विल्सन रोग हा एक दुर्मिळ अनुवांशिक विकार आहे ज्यामध्ये शरीरात तांबे जमा होते.’ चूक काही नाही, पण हाती काही लागत नाही. मी ती अशी लिहीन:

‘विल्सन आजारात यकृताला जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकता येत नाही. ते आधी यकृतात साठते आणि पुढे मेंदू, डोळे व मूत्रपिंडांपर्यंत पोचते. आई आणि वडील दोघांकडूनही एटीपी७बी या जनुकाची बिघडलेली प्रत आली तरच हा आजार होतो. वेळेत निदान झाले तर औषधांनी तो आटोक्यात राहतो. मात्र औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांची तपासणी करणे आवश्यक असते, त्यांना त्रास होत नसला तरीही.’

शेवटचं वाक्य संपूर्ण लेखातलं सगळ्यात मोलाचं आहे. आईवडील दोघंही वाहक असले, म्हणजे दोघांकडेही या जनुकाची एकेक बिघडलेली प्रत असली, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, म्हणजे चारात एक. धाकटी बहीण ठणठणीत दिसते म्हणून तिला कुणी तपासायला नेत नाही, आणि तांबं मात्र साठत राहतं. त्रास सुरू व्हायच्या आत तिचं निदान झालं तर तिचं यकृत आणि मेंदू दोन्ही वाचतात. हे वाक्य खाली कुठेतरी ‘प्रतिबंध’ या मथळ्याखाली पुरू नका.

लेखात हात घालण्याआधी ‘इतिहास’ आणि ‘चर्चा’ ही दोन पानं वाचा. कुणी काय घातलं, काय काढलं आणि का, हे तिथे कळतं. मोठी फेरफार करायची असेल तर चर्चापानावर दोन ओळी टाका: अमुक विभाग जुना झालाय, अमुक संदर्भ घेऊन नवा लिहिते आहे. मग मजकूर स्वतःच्या धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या तुमच्या कच्च्या पानावर, तयार करा. अर्धवट वाक्यं थेट लेखात ठेवली आणि त्याच दिवशी कुणी ती वाचली, तर त्याच्यासाठी तोच लेख असतो.

आता संदर्भ. इथेच बहुतेक जण घसरतात. वर्तमानपत्रातली ‘दुर्मिळ आजारावर यशस्वी उपचार’ ही बातमी वैद्यकीय विधानाला आधार म्हणून चालत नाही. दवाखान्याच्या जाहिरातवजा पानाचंही तेच. एकाच रुग्णाची हकिगत छापणारा शोधनिबंध खरा असतो, पण त्यावरून ‘या आजारात असं होतं’ असं लिहिता येत नाही. आधार घ्यायचा तो तज्ज्ञ संघटनांच्या मार्गदर्शक सूचनांचा आणि आढावा-लेखांचा. विल्सनच्या बाबतीत आपलं नशीब चांगलं आहे. यकृतविकारतज्ज्ञांची भारतीय संघटना, मुलांच्या पोट-यकृताच्या आजारांवरच्या तज्ज्ञांची संघटना आणि मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी ऑफ इंडिया या तिघांनी मिळून २०१९ मध्ये खास भारतीय सूचना प्रसिद्ध केल्या. अमेरिकेच्या यकृतविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या सूचना २०२२ च्या आहेत. जनुकाच्या माहितीसाठी ‘जीनरिव्ह्यूज’ हे फुकट वाचता येणारं आणि वेळोवेळी सुधारलं जाणारं पुस्तक आहे. ‘ऑर्फानेट’ दुर्मिळ आजारांसाठीच चालतं. आणि ओएमआयएम या जनुकीय सूचीत विल्सनचा क्रमांक २७७९०० आहे, तो लेखाच्या बाजूच्या माहितीचौकटीत घाला. क्रमांकामुळे वाचणाऱ्याला नेमका हाच आजार दुसरीकडेही सापडतो.

संदर्भ परिच्छेदाच्या शेवटी एकदाच टाकू नका. ज्या वाक्यात आकडा, औषध किंवा निदानाचा निकष आहे त्या प्रत्येक वाक्याला तो हवा. आधीच्या कुणी लिहिलेलं विधान पटतंय पण आधार सापडत नाही, तर ‘संदर्भ हवा’ ही खूण लावा. धोकादायक विधान असेल, समजा ‘अमुक काढ्याने तांबे उतरते’, तर खूण लावून वाट बघत बसू नका. काढा ते, आणि का काढलं ते संपादनाच्या सारांशात लिहा.

निदानाच्या विभागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण लेखांत तिथे हमखास अर्धंच लिहिलेलं असतं. ‘रक्तातील सेरुलोप्लास्मिन कमी असते’ एवढंच वाचून कुणी आपला २२ चा रिपोर्ट बघतो आणि सुटकेचा श्वास सोडतो. मोठ्या माणसात ते साधारणपणे दर १०० मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर असतं आणि १० च्या खाली गेलं तर संशय बळावतो, हे खरं. पण शरीरात कुठे दाह असेल, गरोदरपण असेल, इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असतील तर हे प्रथिन वाढतं आणि आजार झाकला जातो. उलट कुपोषणात किंवा यकृत दुसऱ्याच कारणाने फार खराब झालं असेल तर विल्सन नसतानाही ते उतरतं. तान्ह्या बाळात तर ते मुळातच कमी असतं. तेव्हा वाक्य असं हवं: एकट्या सेरुलोप्लास्मिनवरून आजार आहे किंवा नाही, दोन्ही ठरवता येत नाही. डॉक्टर सगळ्या तपासण्यांना गुण देऊन बेरीज करतात; त्या पद्धतीला लाइपझिग गुणांकन म्हणतात आणि ती २००१ मध्ये ठरली.

चोवीस तासांच्या लघवीचंही तसंच. त्रास असलेल्या पेशंटमध्ये दिवसाला १०० मायक्रोग्रॅमच्या वर तांबं गेलं तर ते विल्सनकडे बोट दाखवतं, पण लघवी नीट गोळा झाली असेल तरच. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. तिथून पुढची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, रात्रीचीसुद्धा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची शेवटची धरून. कॅन प्लॅस्टिकचा, आम्ही ॲसिडने धुऊन दिलेला. घरचा स्टीलचा डबा किंवा पितळी तांब्या चालत नाही, कारण आपण मोजतो ते प्रमाण इतकं बारीक असतं की भांड्याचा धातूही रिपोर्टमध्ये उतरतो. विश्वकोशात सूचनापत्रक लिहायचं नसतं, म्हणून हे सगळं लेखात येणार नाही. पण ‘नमुना धातूविरहित भांड्यात आणि पूर्ण २४ तासांचा हवा’ हे अर्धं वाक्य संदर्भासह नक्की बसतं, आणि एखाद्याचा चुकीचा रिपोर्ट टळतो.

डोळ्यातल्या कड्याबद्दलही असंच नेमकं लिहा. बुबुळाच्या कडेला सोनेरी-तपकिरी किंवा हिरवट कडं दिसतं, ते साठलेलं तांबं. ते बहुधा वरच्या बाजूला सुरू होतं, म्हणून वरची पापणी उचलून बघावं लागतं, आणि नेत्रतज्ज्ञाचं स्लिट लॅम्प हे डोळा मोठा करून दाखवणारं यंत्र लागतं. जर्मन नेत्रतज्ज्ञ कायझर यांनी १९०२ मध्ये आणि फ्लायशर यांनी १९०३ मध्ये त्याची नोंद केली. मेंदूची लक्षणं असलेल्या बहुतेकांत ते सापडतं; फक्त यकृताचा त्रास असलेल्यांत मात्र जवळपास निम्म्यांतच. ‘कडे नाही म्हणजे विल्सन नाही’ असा अर्थ निघेल अशी रचना टाळा.

उपचारांत डोस लिहायचे नाहीत. विकिपीडियाची रीतही तीच आणि शहाणपणही. औषधं काय करतात ते लिहा: पेनिसिलामाइन आणि ट्रायेंटिन तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर काढतात, जस्त आतड्यातून तांबं शोषलं जाऊ देत नाही, आणि यकृत अचानक निकामी झालं तर प्रत्यारोपण. मेंदूची लक्षणं असलेल्या काहींना पेनिसिलामाइन सुरू केल्यावर आधी त्रास वाढतो, हेही ठळक लिहा. माहीत नसेल तर माणूस औषध सोडून मोकळा होतो. आणि बरं वाटतंय म्हणून औषध बंद केलं तर यकृत अचानक निकामी होऊन जीव जाऊ शकतो. हे वाक्य नुसतं ‘नियमित औषधे घ्यावीत’ असं गुळमुळीत करू नका. ‘जनुकीय’ म्हटलं की ‘असाध्य’ असं लोक धरून चालतात. विल्सनला ते लागू नाही, आणि लेखातून ते कळायला हवं.

आता आपल्या घरांतला प्रश्न: तांब्याच्या भांड्यातलं पाणी. मराठीतल्या लेखात हा मुद्दा नसेल तर लेख मराठी वाचकासाठी लिहिलेलाच नाही. दोन गोष्टी वेगवेगळ्या मांडा. तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याने विल्सन होत नाही. तो जनुकामुळे होतो. (हे स्पष्ट लिहिल्याने कित्येक घरांत आईवर येणारा ठपका टळेल.) पण निदान झालेल्या रुग्णाने तांब्याच्या भांड्यात साठवलेलं पाणी आणि शिजवलेलं अन्न घेऊ नये, असं तज्ज्ञांच्या सूचना सांगतात. काळीज, शिंपल्यांचे प्रकार, सुकामेवा, चॉकलेट, अळंबी यांत तांबं जास्त असतं, तेही त्याच ओघात.

याच जागी आणखी एका आजाराची गल्लत होते, ती निस्तरा. लहान मुलांचा ‘इंडियन चाइल्डहुड सिरॉसिस’ हा यकृताचा वेगळा आजार. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की तान्ह्या मुलांना पितळी-तांब्याच्या भांड्यांत तापवलेलं, साठवलेलं दूध लवकर सुरू करण्याशी त्याचा संबंध आहे. भांडी बदलत गेली तसा तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. महाराष्ट्रात झालेलं इतकं मोठं काम मराठी विकिपीडियावर नसावं याचं मला वाईट वाटेल. पण त्याची जागा स्वतंत्र लेखात. विल्सनच्या लेखातून एक दुवा पुरे.

अनुवंशिकतेच्या विभागात नात्यातल्या लग्नांचा उल्लेख येतोच. आमच्या दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न नवं नाही. नात्यात लग्न झालं की दोघंही एकाच बिघाडाचे वाहक असण्याची शक्यता वाढते, इतकंच लिहा. नात्याबाहेरच्या लग्नांतूनही आजार होतो, हे लगेच पुढच्या वाक्यात. वाहक व्यक्तीला आजार नसतो आणि उपचारही लागत नाहीत, हेसुद्धा.

आकड्यांचा मोह आवरा. ‘३०,००० त एक’ हा जगभर वापरला जाणारा जुना अंदाज आहे. त्याने भारताच्या लोकसंख्येला भागून ‘देशात इतके हजार रुग्ण’ असं लिहायचं नाही. तो हिशेब तुमचा, संदर्भाचा नव्हे.

इतिहास थोडक्यात: लंडनमध्ये काम करणारे सॅम्युएल किनियर विल्सन यांनी १९१२ मध्ये आजाराचं सविस्तर वर्णन केलं, जॉन वॉल्श यांनी १९५६ मध्ये पेनिसिलामाइन आणलं, १९९३ मध्ये जनुक सापडलं. बास.

चित्रांसाठी विकिमीडिया कॉमन्स या मुक्त परवान्याच्या चित्रसाठ्यातलीच चित्रं घ्या. पेशंटचा फोटो, रिपोर्ट, गावाचं नाव, काहीही घालू नका. आपल्याच मुलाची हकिगत असली तरीसुद्धा. मूल मोठं झाल्यावर ते नाव आणि तो आजार सोबत दिसावेत की नाही, हे त्याला ठरवू द्या.

इंग्रजी लेखावरून भाषांतर करत असाल तर सारांशात तसं नमूद करा. परवाना ते मागतो. यंत्राने केलेलं भाषांतर मात्र मोठ्याने वाचून बघितल्याशिवाय ठेवू नका. बदल एका दमात न करता विभागवार जतन करा, म्हणजे कुणाला एक वाक्य खटकलं तर सगळं उलटवावं लागत नाही. शेवटी वरची चांदणी दाबून लेख नजरेखाली ठेवा आणि उपचारांचा विभाग वर्षातून एकदा नव्या सूचनांशी ताडून बघा. दुरुस्ती नसली तरी चर्चापानावर ‘अमुक महिन्यात तपासले’ अशी नोंद करा, पुढच्या संपादकाला कुठून सुरुवात करायची ते कळतं.