आत्मपरीक्षणाची वही चौथ्या दिवशी का बंद पडते? या चुका टाळा

माझ्या कपाटात तीन डायऱ्या आहेत. तिन्हींची पहिली चार-पाच पानं सुवाच्य अक्षरात, पुढे कोरा कागद आणि मधेच कुठेतरी किराण्याची यादी. चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात मी शिफ्ट सुपरवायझर आहे. चौथी वही मात्र टिकली. आधीच्या तिन्ही वेळेला मी आळसाला दोष दिला होता. खरं तर लिहिण्यातच घोळ होता.

निकाल लिहून मोकळं होणं

जुन्या डायरीतली एक नोंद अशी: "आज क्वालिटीचा प्रॉब्लेम झाला. माझं लक्ष कमी पडलं. उद्यापासून जास्त काळजी घ्यायची." आठवड्याने पुन्हा तेच, फक्त तारीख वेगळी. साक्षीपुरावा काही नाही, थेट शिक्षा! अशा नोंदीतून शिकणार काय?

आता तोच प्रकार असा लिहितो: "७:२०. सेटरने बोअरिंगचा इन्सर्ट बदलला. झिजलेल्या इन्सर्टसाठी वाढवलेला ऑफसेट तसाच राहिला. पहिला पीस गेजवर न लावता मी ओके म्हणालो, कारण रात्रपाळीवाला हँडओव्हरसाठी खोळंबला होता आणि त्याची बस सुटत होती. ९ ला तपासणी, ३८ पीस ओव्हरसाइज." (सेटर म्हणजे मशीन लावून देणारा, इन्सर्ट म्हणजे भोक कोरणाऱ्या हत्याराचं बदलायचं पातं, ऑफसेट म्हणजे ते झिजलं की मशीनला दिलेली मापाची भरपाई आणि गेज म्हणजे माप तपासायचं साधन. पातं नवं, भरपाई जुनी, म्हणून भोक मोठं.) हे वाचल्यावर "काळजी घ्या" असं कोणी म्हणणार नाही. हँडओव्हर चालू असताना टूल बदलायचं नाही, इतकं साधं उत्तर त्यातच दिसतं.

अमेरिकन लष्करात १९७० च्या दशकापासून सरावानंतर चार प्रश्न विचारायची पद्धत आहे: काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. आपण बहुतेक जण पहिले तीन गाळून चौथ्यावर उडी मारतो.

"मी असा का?" हा प्रश्न

मशीन का थांबलं, हे टोयोटाच्या पद्धतीने पाच वेळा "का" विचारून शोधता येतं. स्वतःवर तीच पट्टी लावली की तिसऱ्या "का"ला आपण बालपणात पोचतो आणि पाचव्याला झोप उडते. त्यापेक्षा कधी, कोणासमोर, कशानंतर, हे विचारा. लिहून झाल्यावर मन जड झालं आणि उद्या करण्यासारखं एकही काम कागदावर नसेल, तर ते नुसतं उगाळणं झालं. वही मिटा, चहा घ्या.

वेळ चुकणं आणि खाडा पडणं

रात्री अंथरुणात लिहायला बसू नका. दिवस तोवर पुसट झालेला असतो, उरतो फक्त राग. बंगळुरूला विप्रोच्या प्रशिक्षणार्थींवर झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये पुढे आला. दिवसाची शेवटची १५ मिनिटं काय शिकलो ते लिहिण्यात घालवणाऱ्या गटाचे अंतिम चाचणीतले गुण इतरांपेक्षा जवळपास २३ टक्क्यांनी जास्त निघाले. आपल्याला १५ मिनिटं कोण देतंय म्हणा! मी कंपनीची बस निघेपर्यंतची सात मिनिटं वापरतो. पाच ओळी होतात, तेवढ्या पुरतात.

एखादा दिवस चुकला तर चुकला. २१ दिवसांत सवय लागते हे सोडून द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांना सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागलेले दिसले, आणि माणसामाणसात अंतर १८ पासून २५४ पर्यंत. मधला एखादा खाडा फारसा नडला नाही, हेही त्यात दिसलं. राहिलेली पानं मागाहून भरत बसणं मात्र टाळा, त्यात निम्मं रचलेलं असतं.

ही वही अप्रेझलच्या फॉर्मपासूनही लांब ठेवा. साहेब वाचणार म्हटलं की पेन आपोआप सभ्य होतं.

परत न वाचणं

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. महिन्याच्या शेवटच्या सुट्टीला मी लाल पेन घेऊन महिनाभराची पानं चाळतो. मला कायम वाटायचं, नवीन पोरांचं काम कच्चं असतं म्हणून मी त्यांच्यावर ओरडतो. एका महिन्यात ओरडल्याच्या ११ नोंदी सापडल्या. त्यातल्या ८ डिस्पॅचचा, म्हणजे माल पाठवणाऱ्या विभागाचा, फोन येऊन गेल्यावर अर्ध्या तासातल्या. पोरांचा संबंधच नव्हता! एकेक पान वाचून हे कधीच कळलं नसतं.

तेव्हापासून तो फोन आला की आधी वहीत वेळ टाकतो, कूलरपर्यंत जाऊन पाणी पितो, मग लाइनवर जातो. परवा २:१० ला फोन आला. त्या दिवशी ओरडलो का? ओरडलो, पण ३ वाजता, आणि वेगळ्याच कारणावरून. तेही लिहून ठेवलंय.