नेट रांगतंय? आधी राउटरची झडती घ्या

गेल्या वळवात कोल्हापुरातल्या आमच्या शुक्रवार पेठेत अशी वीज कडाडली की गल्लीतल्या निम्म्या घरांतलं काही ना काही गेलं. आमच्या वाट्याला आला राउटरचा अ‍ॅडॉप्टर. धाकट्या भावानं माळ्यावर पडलेल्या जुन्या सेट-टॉप बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर आणून खुपसला. पिन बसली, दिवे लागले, नेट आलं. सगळे खूश.

त्यानंतर दोन महिने रोज संध्याकाळी आम्ही नेटवाल्याला फोन करत होतो आणि तो दर वेळी तेच सांगायचा, "मामा, आमच्याकडनं फुल्ल येतंय की!" आम्हाला तो थापा मारतोय असंच वाटायचं. ५० एमबीपीएसचा प्लॅन १०० चा केला, जास्तीचे पैसे भरले, तरी आठच्या ठोक्याला मुलीचा ऑनलाइन क्लास अडकायचाच. शेवटी निघालं काय, तर राउटरला हवा होता १२ व्होल्ट १.५ अँपिअर आणि आम्ही लावला होता १२ व्होल्ट ०.५ अँपिअर. सगळे घरी आले, सहा-सात मोबाईल जोडले गेले की राउटरची भूक वाढायची आणि तो धापा टाकायला लागायचा. नेटवाला बिचारा खरंच बोलत होता.

म्हणून नवा राउटर आणण्याआधी, प्लॅन वाढवण्याआधी आणि कुणाला चार शब्द सुनावण्याआधी दोष नक्की कुठे आहे ते हुडकून काढा. थोडे दिवस जातील, खर्च जवळजवळ नाही.

नेट नेमकं कधी रडतं?

दोन दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर नुसती वेळ लिहा. कधी हळू झालं, कुठल्या खोलीत, कुठल्या मोबाईलवर. एवढ्यावरून बरंच कळतं.

सकाळी झकास, दोन-चार तासांनी हळू, बंद-चालू केलं की पुन्हा झकास, असं चक्र असेल तर संशयाची सुई सरळ राउटरवर किंवा त्याच्या अ‍ॅडॉप्टरवर. फक्त मागच्या खोलीत हळू असेल तर भिंती आणि अंतर. एकाच मोबाईलवर हळू असेल तर तो मोबाईल. रोज रात्री नऊ ते अकरा हळू आणि शेजाऱ्यांचीही तीच रड असेल तर गल्लीच्या लाईनवर गर्दी. आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच रांगत असेल तर प्लॅनमधला डेटा संपला आहे का ते कंपनीच्या अ‍ॅपवर आधी बघा. डेटा संपल्यावर वेग एकदम पडतो. भारतात ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस पुरतात, २०२३ पूर्वी तर ५१२ केबीपीएससुद्धा पुरत होते. त्यामुळे '२ एमबीपीएसवर अनलिमिटेड' हे कागदोपत्री बरोबरच असतं.

आणखी एक घोळ इथंच मिटवू. प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि फाईल उतरवताना दिसणारा आकडा बऱ्याचदा मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाईनवर सेकंदाला साधारण १२ मेगाबाइट उतरत असतील तर तुमचं नेट ठणठणीत आहे, पुढचं वाचायची गरज नाही.

वायरीनं मोजा, वायफायनं नको

बहुतेक लोक मोबाईल हातात घेऊन, कॉटवर पडल्या पडल्या स्पीड टेस्ट करतात. त्या आकड्यात राउटर, वायफाय, भिंत आणि मोबाईल या चौघांचं पाप एकत्र येतं. लॅन केबल राउटरच्या मागच्या पोर्टात आणि दुसरं टोक लॅपटॉपला लावा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, घरातल्या बाकीच्यांना दहा मिनिटं मोबाईल खाली ठेवायला सांगा (हे सगळ्यात अवघड) आणि तीन वेळा टेस्ट घ्या. एक सकाळी, एक दुपारी, एक रात्री.

वायरीवर प्लॅनइतका वेग तिन्ही वेळा मिळतोय? मग लाईनही चांगली आणि राउटरचं पोटही चांगलं, दुखणं वायफायचं आहे. वायरीवरही निम्माच मिळतोय? मग पुढे चला.

आकडा ९४-९५ एमबीपीएसवर येऊन थांबतोय आणि प्लॅन २०० चा आहे, असं असेल तर ते दुखणं ओळखीचं. एक तर राउटरची पोर्टं जुन्या १०० एमबीपीएसच्या जमान्यातली आहेत, नाहीतर केबल दगा देतेय. गिगाबिट (१००० एमबीपीएस) वेगाला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला चारच पुरतात. दरवाज्यात चेपून एखादी तार तुटली की जोडणी गुपचूप १०० वर उतरते. दिवा लागलेलाच असतो, कुणाला पत्ता नसतो. दुसरी कॅट-५ई किंवा कॅट-६ केबल लावून बघा, मग पोर्ट बदलून बघा.

राउटरची नाडी

विंडोजच्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट ही काळी खिडकी उघडा. पिंग म्हणजे समोरच्याला निरोप धाडून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं. पिंग हा शब्द इंग्रजीत टाइप करा, एक जागा सोडून राउटरचा पत्ता लिहा. तो राउटरच्या बुडावरच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. पुढे आणखी एक जागा सोडून उणे चिन्ह आणि टी अक्षर जोडलंत की पिंग थांबवेपर्यंत चालू राहतं. थांबवायला कंट्रोल आणि सी.

वायर जोडलेली असताना प्रत्येक उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत यायला हवं. इथंच आकडे २००-४०० वर उड्या मारायला लागले किंवा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' दिसायला लागलं तर बाहेरच्या लाईनचा काही संबंधच नाही, कारण हा निरोप घराबाहेर गेलेलाच नाही. दोष राउटरचा, नाहीतर त्या केबलचा. वायफायवर हीच चाचणी घेतलीत तर दोन-दहा मिलिसेकंद आणि मधूनच एखादी उडी चालते.

मग दुसरी खिडकी उघडून ८.८.८.८ ला पिंग करा. हा गुगलचा सर्व्हर, म्हणजे हा निरोप घराबाहेर जाऊन येतो. पहिली खिडकी शांत आणि दुसरी डळमळीत असेल तर नेटवाल्याला फोन करायला तुमच्याकडे पुरावा आहे. दोन्ही खिडक्यांचा एकत्र फोटो काढून ठेवा. "नेट स्लो आहे" या वाक्याला फोनवरचा माणूस सरावलेला असतो, असल्या फोटोला नाही.

अ‍ॅडॉप्टर, माझा आवडता संशयित

राउटरच्या बुडावर आणि अ‍ॅडॉप्टरवर, दोन्हीकडे व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. व्होल्ट तंतोतंत जुळला पाहिजे. ९ च्या जागी १२ लावलात तर राउटर जळू शकतो. अँपिअर तेवढाच किंवा जास्त चालतो, कमी चालत नाही. शेजारी एक छोटंसं चित्रही असतं, पिनेच्या मधोमध अधिक की उणे ते सांगणारं. तेही जुळवा. पिन बसली म्हणजे सोयरीक जुळली असं नाही.

अ‍ॅडॉप्टर मूळचाच असेल तरीही तो निर्दोष सुटत नाही. चार-पाच वर्षांत त्याच्या आतले कपॅसिटर सुकतात, फुगतात. मल्टिमीटरनं मोजलं तर १२ व्होल्ट दाखवेलही, पण नुसता लटकत असताना १२ दाखवणं आणि राउटरला खायला घालताना १२ टिकवणं यात फरक आहे. त्यामुळे मीटरवर विसंबू नका. तेवढ्याच व्होल्टचा धडधाकट अ‍ॅडॉप्टर एक दिवस लावून बघा, खरा निकाल तोच. मीही शेवटी तेच केलं. लक्ष्मीपुरीतून दुसरा अ‍ॅडॉप्टर आणला आणि त्याच रात्री क्लास एकदाही अडकला नाही.

पावसाळ्यात लाईट जाते म्हणून बऱ्याच घरांत राउटरला मिनी यूपीएस लावलेला असतो. चाचणीपुरता तो मधून काढून टाका. त्यातले सेल म्हातारे झाले की तोही असाच अर्धपोटी ठेवतो.

राउटर कुठं कोंडलाय?

राउटर हाताला कोमट लागणं ठीक, हात ठेववत नसेल तर ठीक नाही. सेट-टॉप बॉक्सवर ठेवलेला, टीव्हीच्या कपाटात कोंडलेला, धूळ नको म्हणून वर भरतकामाचा रुमाल घातलेला, असे सगळे प्रकार मी पाहिले आहेत. साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालेल असा तो बनवलेला असतो आणि मे महिन्यात बंद कपाटातली हवा सहज त्यापुढे जाते. तापला की तो मंदावतो, कधी स्वतःच बंद-चालू होतो. बटण बंद करा, जाळीतली धूळ मऊ ब्रशनं झाडा आणि उघड्यावर, छातीच्या उंचीला ठेवा.

पेठांमधल्या जुन्या घरांत आणखी एक गोष्ट असते, दीड-दोन फुटी दगडी भिंत. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान, पण अशा भिंतीपुढे लवकर हात टेकतं. २.४ गिगाहर्ट्झ थोडं पलीकडे पोहोचतं, मात्र त्यावर शेजाऱ्यांची दाटी. राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये वायफायची यादी उघडून बघा, पंधरा-वीस नावं सहज निघतील. २.४ मध्ये एकमेकांत न घुसणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. मोबाईलवरच्या वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅपनं कुठल्यावर गर्दी कमी ते बघा आणि राउटरच्या सेटिंगमध्ये तोच चॅनेल पक्का करा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. दोन्ही बँडना वेगळी नावं दिलीत तर जवळचा टीव्ही ५ वर आणि मागच्या खोलीतला मोबाईल २.४ वर बांधता येतो.

तिथं आहातच तर जोडलेल्या उपकरणांची यादी बघा. अनोळखी नावं दिसली तर पासवर्ड बदला. फर्मवेअरचं (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट आलेलं असेल तर घ्या, पण ते चालू असताना प्लग काढू नका आणि ढग गडगडत असताना ते काम हाती घेऊ नका.

रीसेटचं भोक: थांबा!

मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसायची घाई बहुतेकांना होते. बंद-चालू करणं वेगळं आणि रीसेट करणं वेगळं. रीसेटनं सगळं पुसलं जातं, त्यात नेटवाल्यानं घातलेलं पीपीपीओईचं, म्हणजे लाईन चालू करायचं, युजरनेम-पासवर्ड आणि असला तर व्हीलॅन क्रमांकही (लाईन ओळखायचा आकडा). नंतर हळू नेटही राहत नाही, आणि तो माणूस येणार उद्या दुपारी. आधी ही माहिती मागून वहीत लिहून घ्या, सेटिंगच्या पानांचे फोटो काढा, मगच टाचणी उचला.

निकाल

एवढं करूनही कळलं नाही तर भावाचा किंवा शेजाऱ्यांचा चालता राउटर एका संध्याकाळपुरता मागून आणा. तीच लाईन, तीच केबल, फक्त राउटर दुसरा, त्यात तुमचं युजरनेम-पासवर्ड घाला. वेग आला तर तुमचा राउटर दोषी. नाही आला तर तो सुटला. यापेक्षा पक्की चाचणी नाही.

फायबरचा डबाच राउटर असेल तर हे जमत नाही. तेव्हा दिवे बघा. एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला असेल किंवा पीओएनचा (फायबर जोडणीचा) दिवा लुकलुकत असेल तर दोष बहुधा फायबरचा, म्हणजे काचेच्या तारेचा आहे. कुठं काटकोनात दुमडली आहे का ते बघा, पण टोक काढून आत डोळा लावू नका, आतला लेसर दिसत नाही तरी डोळ्याला घातक असतो. माणूस येईल तेव्हा त्याला प्रकाशाची ताकद मोजणाऱ्या पॉवर मीटरवरचं रीडिंग विचारा. उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या दरम्यान असेल तर निर्धास्त, उणे २७ च्या खाली गेलं तर लाईन दुरुस्त करून घ्या. रीडिंग चांगलं आणि वायरीवरचा पिंग वाईट, तर डबा बदलून मागा. डबा कंपनीच्या मालकीचा असेल तर नवा आणणं तुमचं काम नाही. तक्रारीचा डॉकेट नंबर (नोंद क्रमांक) घ्या, दाद लागली नाही तर त्याच नंबरावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं.

नवा राउटर स्वतःच घ्यायची वेळ आली तर दोन गोष्टी बघा, गिगाबिट पोर्टं आणि दोन्ही बँड. अँटेना किती आहेत त्याला भुलू नका.

आणि एक विजेबद्दल. फायबरमधून वीज येत नाही, काचेतून येणार कशी! ती येते प्लगमधून किंवा गच्चीवरच्या स्विचपासून ओढलेल्या तांब्याच्या लॅन केबलमधून. गडगडाट सुरू झाला की दोन्ही काढून ठेवा. राजारामपुरीतल्या माझ्या मावसभावानं काढली नाही, आणि त्याच्या राउटरचं बाहेरच्या लाईनचं पोर्ट तेवढं जळालं. बाकी राउटर ठाकठीक. तो मी भंगारातून वाचवून आणला, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, डीएचसीपी (जोडलेल्या उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद केलं आणि आमच्या राउटरच्या लॅन पोर्टातून याच्या लॅन पोर्टात केबल ओढली. आता आमच्या दगडी भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरात वायफाय तोच देतो. त्याच्या अ‍ॅडॉप्टरवर मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, 'हा काढू नये', खाली धाकट्या भावाचं नाव.