प्रत्येक मोठा पतंग ‘वूड मॉथ’ नसतो, पावणं

जूनचा पाऊस गगनबावड्याला टेकला की माझ्या व्हॉट्सॲपवर फोटो सुरू. ट्यूबलाइटखाली राखाडी पतंग आणि एकच ओळ: ‘काका, जायंट वूड मॉथ घावला!’

अरे, तो ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा, अळी असताना झाडाचं लाकूड पोखरणारा भलामोठा पतंग. मादीच्या पसरलेल्या पंखांची रुंदी सुमारे 23 सेंटीमीटर, वजन 30 ग्रॅमपर्यंत. 2021 मध्ये क्वीन्सलँडच्या एका शाळेच्या बांधकामावर सापडलेल्या मादीचा फोटो जगभर फिरला, तेव्हापासून आपल्याकडं ही साथ आलीय. वूड मॉथच्या कुळातले पतंग इथंही आहेत, पण आकारानं लहान. पांढऱ्या पंखांवर निळसर-काळे ठिपके दिसले तर तो कॉफीच्या फांद्या पोखरणारा.

दुसऱ्यांना काय बोलू, मी स्वतः आपटलोय. दाजीपूरला विश्रामगृहाच्या खांबावर एक जाडजूड तपकिरी धूड होतं, पंख छपरासारखे मिटलेले. बरोबरच्या पोरांना मी लांबूनच ‘वूड मॉथ’ सांगून टाकलं आणि ऐटीत बोट लावलं. ते उंदरासारखं चिरकलं! पोरं हसून लोळली. टॉर्च मारला, तर पाठीवर कवटी, पोटावर पिवळे पट्टे: कवटीवाला हॉक मॉथ. मधाच्या पोळ्यात घुसून मध चोरणारा हा भामटा आखूड, दणकट सोंडेतून हवा फुंकून आवाज काढतो. वूड मॉथला चालती सोंडच नसते; मोठा झाल्यावर तो काही खात नाही, अळी असताना साठवलेल्यावर जगतो.

तेव्हापासून मी आधी तोंड बघतो, मग शेपटाकडचं टोक. वूड मॉथचं लांबडं पोट बहुधा मिटलेल्या पंखांच्या बाहेर डोकावतं. त्यानंतर जवळच्या झाडांची खोडं. भोकाखाली भुसा आणि भोकातून अर्धवट बाहेर आलेलं कोषाचं रिकामं टरफल दिसलं, तर मी जरा खूश होतो.

पंख सताड पसरून भिंतीला चिकटलाय? मग ॲटलास नावाच्या मोठ्या पतंगाचा विचार करा.

तळहातावर घेऊन कॅमेऱ्यापुढं धरू नका. चिमणीसुद्धा घार दिसते. शेजारी 10 रुपयांचं नाणं ठेवा, ते 27 मिलिमीटरचं असतं. आणि पंख चिमटीत धरू नका, रंग तुमच्या बोटाला येतो.

वरून एकच फोटो पाठवून ‘लगेच सांगा’ म्हणणाऱ्यांना मी उत्तर देणं सोडलंय. बाजूचा आणि समोरचा हवाच. आणि तो रात्रीच काढा. उजाडल्यावर चहा पिऊन गेलात, तर पायरीवर नुसते पंख पडलेले असतात. बाकीचा ऐवज बुलबुलानं उचललेला असतो.