स्केचअपमध्ये रेलिंगचे गज समान अंतरावर बसवताना

बाल्कनीच्या रेलिंगचे गज एकेक करून सरकवत बसलं की शेवटचं अंतर हमखास कमी-जास्त येतं. भागाकार स्केचअप या थ्रीडी ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरलाच करू द्या.

१. पहिला गज डाव्या टोकाला उभा करून त्याचा कॉम्पोनंट बनवा. हे टाळू नका. पुढे जाडी बदलायची झाली तर एक गज बदलला की सगळे बदलतात.

२. गज निवडून एम दाबा (सरकवण्याचं मूव्ह टूल), मग कंट्रोल एकदा दाबून सोडा (मॅकवर ऑप्शन), म्हणजे गज सरकण्याऐवजी त्याची प्रत निघते.

३. गजाचा खालचा उजवा कोपरा पकडा आणि रेलिंगच्या उजव्या टोकावर क्लिक करा. कोपरा उजवाच हवा, म्हणजे शेवटचा गज बाहेर डोकावत नाही.

४. लगेच /25 टाइप करून एंटर दाबा, म्हणजे मधलं अंतर 25 समान भागांत वाटून गज बसतात. कुठल्याही चौकटीत क्लिक करावं लागत नाही.

3000 मिमी रेलिंग आणि 20 मिमी गज असेल, तर प्रत्येक फट 99.2 मिमी येते. मला लहान मुलांच्या घरात फट 100 च्या आतच बरी वाटते. पटलं नाही तर /20, /30 असं पुन्हा टाइप करून पाहा. दुसरी कमांड सुरू करेपर्यंत आकडा बदलता येतो.

एक सांभाळा: हा आकडा फटींचा आहे, गजांचा नाही. /25 दिलं की गज 26 होतात. फॅब्रिकेटरला यादी देताना नेमका तो एक गज राहून जातो.