नव्याने ट्रॅक्टर शिकताना: रिकाम्या रानापासून भरल्या ट्रॉलीपर्यंत

ट्रॅक्टर पुढे नेणं अवघड नाही. स्कूटी येणारं माणूस तासाभरात रिकाम्या रानात चक्कर मारतं आणि आपल्याला जमलं असं समजतं. मला दिरांनी शिकवलं. किल्ली हातात द्यायच्या आधी त्यांनी बंद ट्रॅक्टरवर बसवून नुसते पाय ठेवायला लावले: डावीकडे क्लच, उजवीकडे ब्रेकचे दोन पेडल. तेव्हा वैताग आला होता. आता जावेच्या मुलीला मीही तसंच बसवते.

कारण ते दोन ब्रेक. डावा ब्रेक मागचं डावं चाक धरतो, उजवा उजवं. बांधाशी वळताना वळायच्या बाजूचा ब्रेक दाबला की ट्रॅक्टर थोडक्या जागेत फिरतो. हीच सोय रस्त्यावर जिवावर बेतते. वेगात एकाच पेडलवर पाय पडला तर ट्रॅक्टर त्या बाजूला ओढला जातो, उलटतोही. म्हणून रान सोडताना दोन्ही पेडल जोडणारी खिट्टी लावायची, मगच चाक डांबरीवर घालायचं. आमच्याकडे कित्येक ट्रॅक्टरची खिट्टी गंजून जाम झालेली असते. तसला ट्रॅक्टर शिकायला मिळाला तर आधी तिला ऑइल सोडा.

दुसरी गोष्ट चिखलाची. वापसा नसताना, म्हणजे जमीन नांगरण्याइतकी सुकलेली नसताना, नांगर घातला आणि मागची चाकं रुतली, की नवखा माणूस रेस वाढवून क्लच झटक्यात सोडतो. चाक फिरायला जागा नसते, मग इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचं तोंडच वर उचलतो आणि ट्रॅक्टर मागे, चालवणाऱ्यावर येतो. क्लच दाबायलाही सवड मिळत नाही. रुतलात तर औजार सोडवा, दुसरा ट्रॅक्टर बोलवा. टोचन नेहमी खालच्या हुकला बांधायचं, टॉपलिंकच्या, म्हणजे औजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या, जागी कधीच नाही.

पीटीओचा शाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या जोरावर रोटाव्हेटरसारखं औजार फिरवणारा मागचा दांडा, मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. ओढणी, पदर, गळ्यातला टॉवेल, काहीही त्यात गेलं तर ओढून काढता येत नाही. रोटाव्हेटरला अडकलेलं पाचट काढायचं तर पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात. लिफ्टवर उचललेल्या औजाराखाली हात घालायचा नाही, ते आधी जमिनीवर टेकवायचं.

भरलेली ट्रॉली मात्र लवकर हातात घेऊ नका. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे बहाद्दर गावोगाव आहेत. तसं केलं की मागचं वजन ट्रॅक्टरला ढकलत नेतं. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि गिअर उतार लागण्याआधीच टाकायचा. रिव्हर्स घेताना ट्रॉली डावीकडे न्यायची तर स्टेअरिंग आधी उजवीकडे. हे रिकाम्या ट्रॉलीवर, खळ्यात घोटून घ्या.

वय १८ पूर्ण आणि लायसन्स हवंच. मडगार्डवर कुणालाही बसवू नका, पाहुण्यांची पोरं कितीही रडली तरी.