१९१७ ची रशियन कारखाना समिती: सत्ता कुणाच्या हातात होती हे कसं तपासावं

कारखाना समिती म्हणजे एका कारखान्यातल्या कामगारांनी निवडलेली समिती. या समित्यांचा अभ्यास सुरू केला की पहिल्यांदा हाती लागतात घोषणा आणि पुढाऱ्यांची भाषणं. ती तूर्त बाजूला ठेवा. एका कागदावर तक्ता आखा आणि प्रत्येक टप्प्यावर चारच प्रश्न विचारा: कामावर घेणं-काढणं कुणाकडे? हिशेबाच्या वह्या कोण पाहतं? कोळसा आणि कच्चा माल कोण मिळवतं? आणि समितीचा निर्णय रद्द कोण करू शकतं? चौथ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा सगळं सांगून जातं.

त्याआधी तारखा सरळ करून घ्या. रशियात तेव्हा जुनं कॅलेंडर होतं, आपल्यापेक्षा १३ दिवस मागे. झारची सत्ता उलथवणारी क्रांती सुरू झाली ती २३ फेब्रुवारी म्हणजे ८ मार्च, बोल्शेविकांनी सत्ता घेतली ती २५ ऑक्टोबर म्हणजे ७ नोव्हेंबर. ३१ जानेवारी १९१८ नंतरचा दिवस थेट १४ फेब्रुवारी. दोन पुस्तकांतल्या तारखा न पाहता एकत्र केल्या की फर्मान आधी आणि त्याला कारण ठरलेली घटना नंतर, असा उलटा क्रम लागतो. खालच्या १९१७ च्या तारखा जुन्या कॅलेंडरच्या आहेत.

मग संस्था वेगळ्या करा. सोविएत (शहरातल्या कामगार-सैनिकांच्या प्रतिनिधींची सभा), कारखाना समिती आणि युनियन ही तीन निरनिराळी घरं आहेत, आणि प्रत्येकाचे मतदार निराळे. तेव्हाची राजधानी पेट्रोग्राड (आजचं सेंट पीटर्सबर्ग), तिच्या सोविएतमध्ये हजार कामगारांमागे एक प्रतिनिधी, पण सैनिकांच्या प्रत्येक कंपनीला एक. त्यामुळे तिथे कामगारांपेक्षा सैनिक जास्त होते. ‘सोविएतचा ठराव’ म्हणजे ‘कारखान्याचं मत’ असं धरणं ही नेहमीची चूक.

आता तक्ता भरा. १० मार्च १९१७ ला पेट्रोग्राड सोविएत आणि कारखानदारांच्या संघटनेत करार झाला: आठ तासांचा दिवस आणि समित्यांना मान्यता. झारनंतर आलेल्या हंगामी सरकारच्या २३ एप्रिलच्या कायद्यानं समितीला कामगारांची बाजू मांडण्यापुरतं स्थान दिलं. २२ आणि २८ ऑगस्टच्या परिपत्रकांत कामगारमंत्री स्कोबेलेव यांनी नेमणूक-बडतर्फी हा मालकाचा हक्क ठरवला आणि कामाच्या वेळेतल्या सभांना बंदी घातली. मनाई निघाली याचा अर्थ बऱ्याच ठिकाणी समित्या हे आधीच करत होत्या, म्हणून परिपत्रक दोन्ही अंगांनी वाचा.

सर्वांत जास्त वेळ नव्या बोल्शेविक सरकारच्या १४ नोव्हेंबरच्या कामगार-नियंत्रणाच्या फर्मानाला द्या. वरवर पाहता समित्यांचा हा विजय: व्यापारी गुपित रद्द, वह्या खुल्या, निर्णय मालकावर बंधनकारक. पण मालकाला तीन दिवसांत वरच्या नियंत्रण मंडळाकडे अपील करता येतं, आणि निर्णय फिरवण्याचा अधिकार त्या वरच्या मंडळाला. म्हणून या मंडळांच्या सर्वांत वर असलेल्या शिखर परिषदेच्या जागा मोजा. कारखाना समित्यांच्या केंद्राला ५. युनियनांच्या अखिल रशियन परिषदेला ५, शिवाय प्रत्येक देशव्यापी युनियनला आपापली एक किंवा दोन. सोविएतांच्या केंद्रीय कार्यकारिणीला ५, अभियंत्यांनाही ५. खाली जिंकलेल्या समित्या वर अल्पमतात. ही परिषद फारशी चाललीच नाही. २ डिसेंबरला सर्वोच्च अर्थमंडळ स्थापन झालं आणि तिला पोटात घेऊन मोकळं झालं. जानेवारी १९१८ मध्ये युनियनांच्या पहिल्या काँग्रेसनं समित्यांना युनियनच्या शाखा करून टाकलं. २८ जूनला मोठे उद्योग सरकारजमा झाले.

इथे घसरण्याच्या दोन जागा आहेत. पहिली, सगळं यादवी युद्धावर ढकलणं. मोठं युद्ध मे १९१८ नंतर पेटलं. वरचे निर्णायक टप्पे, शेवटचा सोडून, त्याआधीचे आहेत. दुसरी, भोळ्या समित्या विरुद्ध कावेबाज सरकार असं चित्र रंगवणं. मध्यवर्ती अर्थमंडळाची मागणी पेट्रोग्राडच्या समित्यांच्या केंद्रातूनही येत होती, कारण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं: दूरच्या दोन्बास खाणपट्ट्यातला कोळसा एकेका कारखान्याला आणता येईना. तोफा-दारूगोळा बनवणाऱ्या ज्या सरकारी कारखान्यांतून मार्चमध्ये अधिकारी पळाले आणि समित्यांनी काम चालू ठेवलं, तिथेही एप्रिलमध्ये समित्यांनी व्यवस्थापनाची जबाबदारी नको, देखरेख पुरे, असं ठरवलं. हा धागा अनेक लेखक गाळतात, आणि आमच्या मते तोच सर्वांत बोलका आहे.

लोकसंख्येची एक ओळही तक्त्यात घाला. १९१७ मध्ये सुमारे २३ लाखांचं पेट्रोग्राड १९२० पर्यंत साडेसात लाखांच्या आसपास आलं. समिती निवडणारे कामगार गावी, आघाडीवर किंवा सरकारी कचेऱ्यांत गेले होते. १९२० च्या वसंतात बोल्शेविक पक्षाच्या नवव्या काँग्रेसनं कारखान्यात एकाच माणसाच्या व्यवस्थापनावर भर दिला, तो या ओस पडलेल्या कारखान्यांत.

शेवटी हेच चार प्रश्न २८ फेब्रुवारी १९२१ च्या क्रोनश्टाट ठरावाला, म्हणजे पेट्रोग्राडजवळच्या नौदल तळावरच्या बंडखोर नाविकांच्या मागण्यांना, लावा. पंधरा कलमांत सोविएतांच्या गुप्त मतदानाने फेरनिवडणुका आहेत, कामगार-शेतकऱ्यांना भाषणस्वातंत्र्य आहे, कारखान्यांतले कम्युनिस्ट पहारे हटवण्याची मागणी आहे. कारखाना कोण चालवणार याबद्दल एकही कलम नाही.