ग्रॅड स्कूलसाठी फेडरल कर्ज: अर्जाआधीची तयारी

फाफ्साचा, म्हणजे अमेरिकी सरकारकडे शिक्षणासाठी मदत मागायचा, फॉर्म तासाभरात भरून होतो. वेळ खातो तो त्याच्या आधीचा हिशोब, आणि १ जुलै २०२६ पासून तो हिशोब पार बदलला आहे. तोवर अमेरिकेत मास्टर्स किंवा डॉक्टरेट करणाऱ्याला सरकारकडून वर्षाला २०,५०० डॉलरचं अनसबसिडाइज्ड, म्हणजे शिकत असतानाही व्याज चढणारं, कर्ज मिळायचं आणि त्यापुढचा जवळजवळ सगळा खर्च ग्रॅड प्लस नावाच्या दुसऱ्या कर्जातून काढता यायचा. ‘उरलेलं प्लसमधून भागेल’ असं इथल्या मराठी घरांमध्येही सहज म्हटलं जायचं. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस बंद केलं. म्हणून तयारीच्या या यादीत फाफ्सा बराच खाली आहे.

सगळ्यात आधी पात्रता, कारण काही जणांना यादी इथेच मिटता येईल. फेडरल कर्ज अमेरिकन नागरिकांना, ग्रीन कार्डधारकांना आणि निर्वासित किंवा आश्रय मिळालेल्यांसारख्या मोजक्या गटांना मिळतं. पुण्या-नागपूरहून एफ-१ व्हिसावर एमएस करायला आलेल्यांना मिळत नाही. नोकरीच्या एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-४ व्हिसावाल्यांनाही नाही, मग घरातले इथे कितीही वर्षं कर भरत असोत. एच-४ वर इथेच लहानाची मोठी झालेली मुलं यात अडकतात ते मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं, पण फॉर्मला त्याचं काही नाही. ग्रीन कार्डचा अर्ज नुसता प्रलंबित असून भागत नाही. कार्ड हातात आलं असेल तर त्यावरचा नऊ अंकी ए-नंबर लिहून ठेवा. हल्लीच्या कार्डांवर तो ‘यूएससीआयएस’ या नावाखाली छापलेला असतो आणि शोधताना लोक गोंधळतात.

पात्र असाल तर आता कागद-पेन्सिल घ्या. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तुमच्या अभ्यासक्रमाची ‘कॉस्ट ऑफ अटेंडन्स’ दिलेली असते. फी, राहणं, जेवण, पुस्तकं, प्रवास हे सगळं त्यात धरलेलं असतं आणि तुम्हाला मिळणारी एकूण मदत या आकड्यापुढे जाऊ शकत नाही. त्यातून फेडरल कर्ज वजा करा. साध्या ग्रॅज्युएट अभ्यासक्रमाला वर्षाला २०,५०० आणि एकूण १ लाख डॉलर ही मर्यादा आहे. ‘प्रोफेशनल’ गणल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमांना वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख. शिवाय पदवीच्या वेळचं धरून आयुष्यभरात २ लाख ५७ हजार ५०० डॉलरच्या वर फेडरल कर्ज नाही. समजा एका मास्टर्सचा वर्षाचा खर्च ५८ हजार आहे. फेडरल कर्ज जाऊन उरले ३७,५००, दोन वर्षांचे ७५ हजार. हे ७५ हजार कुठून येणार, याचं उत्तर प्रवेशाची अनामत भरायच्या आधी हवं, नंतर नाही.

प्रोफेशनल म्हणजे काय, यावर बरीच वादावादी झाली आहे. वैद्यकीय, दंतवैद्यक, फार्मसी, कायदा, पशुवैद्यक, ऑप्टोमेट्री यांचा समावेश निर्विवाद आहे. एमबीए त्यात नाही, कॉम्प्युटर सायन्सचं एमएस नाही. नर्सिंगला बाहेर ठेवण्याचं ठरलं तेव्हा परिचारिकांच्या संघटनांनी जोरदार विरोध केला. नावावरून अंदाज बांधू नका. विद्यापीठाच्या फायनान्शियल एड ऑफिसला ईमेल करून ‘आमचा अभ्यासक्रम कोणत्या गटात धरता’ हे लेखी मागून घ्या. त्याच ईमेलमध्ये आणखी दोन प्रश्न घाला. पहिला, तुमच्या अभ्यासक्रमासाठी विद्यापीठाने स्वतःची यापेक्षा कमी मर्यादा ठरवली आहे का. नव्या कायद्याने त्यांना तशी मुभा दिली आहे. दुसरा, नोकरी सांभाळून कमी विषय घेणार असाल तर कर्ज किती कमी होईल. निम्म्याहून कमी विषय घेतले तर कर्ज मिळतच नाही हे जुनंच आहे, पण आता पूर्णवेळ नसणाऱ्याची वार्षिक रक्कम त्या प्रमाणात कापली जाते. संध्याकाळचे वर्ग करणाऱ्या नोकरदारांना याचा फटका सगळ्यात जास्त.

जे १ जुलै २०२६ च्या आधीपासून शिकत होते आणि त्याच अभ्यासक्रमासाठी फेडरल कर्ज उचलून बसले होते, त्यांना जुन्या मर्यादा आणखी तीन वर्षं किंवा अभ्यासक्रमाचा उरलेला काळ, यांपैकी जे कमी असेल तितकं वापरता येतात. अशांनी मध्येच शाखा बदलण्याचा विचार असेल तर आधी विचारून घ्यावं.

फेडरल कर्ज जाऊन उरलेल्या खर्चाचा खड्डा भरायचे मार्ग घरोघरी वेगळे. तरी क्रम सांगतो. विभागाला असिस्टंटशिप, म्हणजे शिकवण्याचं किंवा संशोधनाचं पगारी काम, विचारा. चांगल्या पीएचडीला फी माफ करून वर मानधन देतात, तेव्हा कर्ज काढून पीएचडी करण्यापूर्वी दहादा विचार करा. नोकरी असेल तर कंपनीकडून शिक्षणासाठी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त मदत मिळू शकते, ती मागायलाच लोक विसरतात. सरकारी विद्यापीठ असेल तर त्या राज्याचे रहिवासी म्हणून कमी फी लागू होते का ते बघा. खाजगी बँकेचं कर्ज अगदी शेवटी. फेडरल अनसबसिडाइज्ड कर्जाला क्रेडिट स्कोअर तपासत नाहीत, जामीन मागत नाहीत आणि कर्जदार दगावला तर ते माफ होतं. खाजगी कर्जाला बहुतेकदा सहकर्जदार लागतो, आणि तो म्हणजे तुमचे बाबा असतात, निवृत्तीच्या उंबरठ्यावर.

आता खातं. स्टुडंटएड डॉट गव्ह या सरकारी साइटवर स्वतःच्या नावाचं खातं उघडायचं. फाफ्सा भरायला एक पैसा लागत नाही. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. खातं उघडताना नाव, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी नंबर सोशल सिक्युरिटीच्या नोंदीशी पडताळला जातो आणि त्याला कधीकधी वेळ लागू शकतो, म्हणून शेवटच्या रात्री हे काम काढू नये. आपल्या नावांची इथे खास पंचाईत होते. एका कागदावर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून, दुसऱ्यावर पहिल्या नावालाच चिकटून, तिसऱ्यावर गायब. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर पासपोर्टवर नवं आणि सोशल सिक्युरिटी कार्डावर माहेरचं. फॉर्मवर नाव लिहायचं ते सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे तसंच, बाकी कुठे काहीही असो. ग्रीन कार्डधारकांचं नाव आणि ए-नंबर इमिग्रेशनच्या नोंदीशीही ताडला जातो. म्हणून ही दोन कार्डं शेजारी ठेवून एकदा अक्षर न् अक्षर वाचा. फरक असेल तर दुरुस्ती आधी आणि फाफ्सा नंतर. ईमेल कॉलेजचा देऊ नका. पदवीनंतर तो बंद होतो आणि खात्याचा पासवर्ड विसरलात की दारात उभं राहायची वेळ येते.

लग्न झालेल्यांनी एक गोष्ट पाहावी. नवरा-बायकोने कर विवरणपत्र एकत्र भरलं असेल तर जोडीदाराला काही करावं लागत नाही. वेगवेगळं भरलं असेल तर जोडीदारालाही स्वतःचं खातं उघडून संमती द्यावी लागते. त्याच्याकडे किंवा तिच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तरी खातं उघडता येतं.

फॉर्मसाठी जवळ काय हवं? २०२६-२७ या वर्षाच्या फाफ्साला २०२४ चं कर विवरणपत्र लागतं. बहुतेक आकडे आयआरएस या अमेरिकी करखात्याकडून थेट येतात, पण त्यासाठी तुम्ही संमती द्यावी लागते. ती ऐच्छिक वाटते, पण नाही दिली तर फेडरल मदत मिळत नाही. बँकेतली शिल्लक आणि गुंतवणूक मात्र स्वतः लिहायची, फॉर्म भराल त्या दिवशीची. गुंतवणुकीत तुम्ही राहता ते घर धरत नाहीत, ४०१-के सारखं निवृत्तीचं खातं धरत नाहीत; पण तुमच्या नावावर कोथरूडला फ्लॅट असेल आणि तुम्ही त्यात राहत नसाल तर तो धरतात. आजीच्या पाटल्या घरगुती वस्तूंत जमा, त्या विचारत नाहीत. भारतातल्या मुदत ठेवी तुमच्या नावावर असतील तर त्याही लिहायच्या. इतक्या लांबचं कोण बघतंय, असं म्हणणारे भेटतील. सही मात्र तुमची असते, खोटी माहिती दिल्यास शिक्षा होऊ शकते या वाक्याखालची.

फॉर्ममधल्या दोन प्रश्नांवर थांबून उत्तर द्या. येत्या वर्षी तुम्ही कोणत्या इयत्तेत असाल, याला ‘ग्रॅज्युएट किंवा प्रोफेशनल’ हा पर्याय निवडायचा. वर्ष सुरू होण्याआधी पहिली बॅचलर्स पदवी हातात असेल का, याला ‘हो’. घाईत पदवीचा पर्याय दाबला गेला तर फॉर्म तुम्हाला आईवडिलांवर अवलंबून समजतो, त्यांना आमंत्रण पाठवायला सांगतो, आणि मग घरात सगळे ‘आमचे कर कशाला पाहिजेत’ म्हणून बसतात. ग्रॅड विद्यार्थी फाफ्सासाठी स्वतंत्रच गणला जातो, वय कितीही असो, राहत आईकडे का असेना. याला एक पोटअपवाद: काही वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय महाविद्यालयं आरोग्यशिक्षणाच्या खास कर्जांसाठी आईवडिलांची माहितीही मागतात. ऑनलाइन फॉर्मवर वीसपर्यंत विद्यापीठं घालता येतात. प्रवेश पक्का व्हायची वाट न पाहता अर्ज केलेली सगळी घाला आणि प्रत्येकाचा सहा अक्षरी कोड तपासा. मेडिकल किंवा लॉ स्कूलचा कोड मूळ विद्यापीठापेक्षा वेगळा असू शकतो.

फॉर्म गेल्यावर स्टुडंट एड इंडेक्स नावाचा, तुमची ऐपत मोजणारा आकडा येतो. तो मोठा आला म्हणून घाबरायचं कारण नाही. अनसबसिडाइज्ड कर्ज गरजेवर ठरत नाही, आणि गरजेवर मिळणारं सबसिडाइज्ड कर्ज ग्रॅड विद्यार्थ्यांना २०१२ पासून बंदच आहे. आकड्याचा उपयोग विद्यापीठाच्या स्वतःच्या मदतीसाठी आणि वर्क-स्टडीसाठी, म्हणजे शिकता शिकता करायच्या अर्धवेळ कामासाठी. सरकारची शेवटची तारीख ३० जून २०२७ असली तरी तिच्यावर विसंबू नका, विद्यापीठाची प्राधान्य तारीख कित्येक महिने आधी असते.

मदतीचं पत्र आलं की त्यात कर्ज आणि अनुदान एकाच यादीत, एकाच टायपात छापलेलं दिसेल. कर्जाच्या ओळींवर पेनाने खूण करा. देऊ केलेली पूर्ण रक्कम घेतलीच पाहिजे असं नाही. पोर्टलवर ती कमी करता येते. कर्ज मिळतानाच त्यातून १.०५७ टक्के शुल्क कापलं जातं, म्हणजे २०,५०० चे हातात २०,२८३ च्या आसपास, तेही बहुधा दोन सत्रांत विभागून. व्याजाचा दर दर वर्षी मे महिन्यात सरकारी रोख्यांच्या लिलावावरून ठरतो आणि त्या कर्जापुरता कायम राहतो. २०२५-२६ च्या कर्जांना तो ७.९४ टक्के होता. त्या दराने २०,५०० वर वर्षाचं व्याज सोळाशे डॉलरच्या वर, म्हणजे दिवसाला साडेचार डॉलरच्या जवळ. पहिला हप्ता विद्यापीठाकडे जमा होतो त्या दिवसापासून ते चालू होतं, तुम्ही वर्गात बसलेले असताना, सुट्टीतही.

पैसे सुटण्याआधी दोन कामं त्याच सरकारी साइटवर उरतात. एक एंट्रन्स काउन्सेलिंग, अर्ध्या तासाचा ऑनलाइन पाठ. दुसरं मास्टर प्रॉमिसरी नोट, म्हणजे परतफेडीचं वचनपत्र. त्यात तुम्हाला किमान तीन वर्षं ओळखणाऱ्या, अमेरिकेत वेगवेगळ्या पत्त्यांवर राहणाऱ्या दोन व्यक्तींची माहिती लागते. आई आणि बाबा एकाच घरात असतील तर त्यांच्यातलं एकच नाव चालेल. दुसरं एडिसनच्या मावशीचं किंवा फ्रीमाँटच्या दादाचं घाला. आणि मावशीला आधी फोन करा, कारण अशा यादीत नाव म्हटलं की आपल्या माणसांना जामीनच आठवतो. हे जामीन नव्हेत. तुमचा पत्ता लागला नाही तर विचारणा करायला ही नावं असतात, पैसे त्यांच्याकडून कोणी मागत नाही.

पदवीच्या वेळचं कर्ज शिल्लक असेल तर ज्या सर्व्हिसरकडे, म्हणजे हप्ते वसूल करणाऱ्या कंपनीकडे, ते आहे तिथे निम्मे किंवा अधिक विषय घेतल्याची नोंद पोहोचली का ते पहिल्या महिन्यात पाहा. साधारणपणे हप्ते आपोआप थांबतात, पण विद्यापीठाने नोंद उशिरा पाठवली तर मधला हप्ता चुकतो. ते कर्ज डिफॉल्टमध्ये, म्हणजे दीर्घकाळ थकून बुडीत, गेलेलं असेल तर नवं मिळणारच नाही, ते आधी मिटवावं लागेल. आणि त्याच फोनवर विचारा, नवं कर्ज घेतल्याने जुन्याच्या परतफेडीच्या योजनेवर काय परिणाम होतो. १ जुलै २०२६ पासूनच्या कर्जांना दोनच वाटा आहेत: रकमेनुसार दहा ते पंचवीस वर्षांचे ठरावीक हप्ते, किंवा उत्पन्नावर बेतलेली, तीस वर्षांपर्यंत चालणारी आरएपी (रीपेमेंट असिस्टन्स प्लॅन) ही योजना.

पैसे विद्यापीठाच्या खात्यात आले, फी वळती झाली आणि वर काही उरलं तर ते चौदा दिवसांत तुमच्याकडे यायला हवं. भाड्याची अनामत आणि पहिल्या महिन्याचं भाडं त्या आधीच द्यावं लागतं, तेवढी रोख वेगळी ठेवा. आलेली रक्कम जास्त वाटली तर मिळाल्यापासून १२० दिवसांच्या आत परत केलेल्या भागावर ना व्याज लागतं ना शुल्क. वचनपत्र दहा वर्षं चालतं, फाफ्सा मात्र दर वर्षी नव्याने. २०२७-२८ साठी २०२५ चं कर विवरणपत्र लागेल, ते याच फायलीत ठेवून द्या.